उसनी आत्या

शेजाऱ्याकडून शिडी आणावी, पाहुणे आले तर दोन खुर्च्या आणाव्यात, फार तर इस्त्री आणावी. माणूस आणू नये. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतंच, कारण सांगणारे सगळे त्या वेळी माणसंच शोधत फिरत होते. पण निदान आज 'तरी मी म्हणत होतो!' असं म्हणणारं कुणीतरी असतं. फजिती झाली की तसं म्हणणारं एक माणूस लागतं, त्याशिवाय फजिती पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

सुरुवात प्राप्तिकरापासून झाली. तोवर प्राप्तिकर म्हणजे आमच्या दृष्टीनं मोठ्या लोकांचा आजार होता. तो आपल्याला व्हावा एवढी आपली प्रकृतीच नव्हती. मी बटणांच्या कारखान्यात तपासनीस आहे. म्हणजे चार भोकांच्या बटणाला चार भोकं आहेत ना, हे बटण उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघायचं. लोक हसतात. हसू देत. तीन भोकांचं बटण शर्टाला लावून एकदा चारचौघांत उभं राहून बघा म्हणजे कळेल. तर या कामाचा जो पगार मिळतो त्याच्याकडे आजवर कुठल्या सरकारनं वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं. या वर्षी पाहिलं. कर कुठून सुरू व्हायचा ती मर्यादा वरून खाली आणली, ती थेट आमच्या डोक्यापर्यंत. रेडिओवरची बाई म्हणाली, करदात्यांचा पाया रुंद करण्यात आला आहे. पाया म्हणजे आपण, हे समजायला अख्खी सकाळ गेली. कारखान्यातला भोकं पाडणारा मशीनवाला 'आता आपण मोठी माणसं झालो रे!' म्हणून टाळ्या पिटायला लागला आणि पिटता पिटता रडायला लागला.

मी रडलो नाही, पण मला रडायला त्याच्यापेक्षा चांगलं कारण होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, भरपूर उजेडाचं. त्याआधी आम्ही कारखान्याच्या मागच्या एका खोलीत राहायचो. तिथं रंगाच्या वासानं आमच्या चिमीला दम लागायचा. रात्र रात्र तिची आई तिला मांडीवर उभी धरून बसायची. इथं आल्यापासून पोरीला एकदाही दम लागला नव्हता. कर कापला गेला तर घरभाडं भागत नव्हतं, आणि भाडं भागलं नाही तर पुन्हा ती खोली. हे आम्हा दोघांनाही कळत होतं, म्हणून दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

इमारतीत मोर्चाची तयारी सुरू झाली. जिन्यात सभा भरली. वरच्या मजल्यावरचे शिकवणीवाले मास्तर अध्यक्ष झाले, कारण ते सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते. घोषणा कोणती द्यायची यावरून मास्तर आणि तळमजल्यावरचा शिंपी यांची जुंपली. मास्तरांना घोषणेत यमक हवं होतं, शिंप्याला शिवी हवी होती. दोन्ही एकत्र बसवायचं काम चालू असताना आमच्या समोरच्या दारातला वायरमन धावत वर आला.

"माफी आहे!" तो म्हणाला. "घरात सत्तरीच्या वरचं, आपल्यावर अवलंबून असलेलं माणूस असेल तर कर पूर्ण माफ. आणि गरिबांना कागदांचा ताप नको म्हणून कागद काहीच नाही. अधिकारी घरी येणार, डोळ्यांनी बघणार आणि जाणार."

सभा तिथंच संपली. संपली असं कुणी म्हणालंही नाही. मास्तर अर्धं यमक तोंडात घेऊन जिना चढून गेले आणि शिंप्यानं शिवी गिळली.

पुढच्या काही दिवसांत आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना जे दिवस आले ते वैऱ्यालाही येऊ नयेत. ज्या सासूची वर्षानुवर्षं कुणी विचारपूस केली नव्हती तिला आणायला टॅक्सी गेली. एका आजोबांचे तिघं मुलगे भांडले. आजवर ते 'तू सांभाळ, तू सांभाळ' म्हणून भांडायचे, या वेळी 'मी सांभाळतो' म्हणून भांडले, आणि एकाचा दात पडला. चौकात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला दोघांनी दोन्ही दंडांना धरून दोन बाजूंना ओढलं. तो बिचारा मधे उभा राहून ओरडत होता, "अरे, मला रस्ता ओलांडायचाच नाहीये!"

आमच्याकडे मात्र या बाबतीत ठणठणाट. माझे आईवडील गेले, हिचेही गेले. "मेलं वेळेला एकही नाही," असं ही बोलून गेली आणि मग पदरानं डोळे पुसत बसली, कारण तिला म्हणायचं होतं ते हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन दारात उभा. "भाऊ, तोंड कशाला पाडून बसलात? आमच्याकडची न्या."

"तुमच्याकडची म्हणजे?"

"म्हातारी हो. आमची पाहणी झाली काल. एकदम पास! तुमच्याकडे अधिकारी येऊन गेला की आणून द्या. उसनी म्हणून न्या. शेजारधर्म कशाला असतो?"

वायरमनकडे म्हातारी आहे हे मला माहीत नव्हतं. पण वायरमनकडे काय काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. एकदा त्याच्याकडे आमच्याच दाराची घंटा सापडली होती.

ती त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीशी बसली होती. लहानखुरी, करड्या कपड्यांतली, मांडीवर एक गाठोडं. चेहरा कसा होता म्हणाल, तर सांगता येत नाही. खरंच सांगतो, बटणावरचा केसाएवढा चरा पकडणारा माणूस आहे मी. पण तिच्याकडे बघत असलो की चेहरा स्वच्छ दिसायचा, आणि नजर वळवली की त्यातलं काहीच डोक्यात राहायचं नाही. नाक होतं की नव्हतं इथपासून शंका. तिनं उठून माझं बोट धरलं आणि निघाली. वायरमनची बायको दारापर्यंत आली आणि हसून म्हणाली, "सांभाळून हं, भाऊजी." कुणी कुणाला सांभाळायचं ते काही तिनं सांगितलं नाही.

आमच्या घरात शिरलो तेव्हा आत अंधार होता. मी दिवा लावायला पुढं होणार तोच म्हातारीनं कपाटामागं हात घातला आणि दिवा लागला. ते दिव्याचं बटण आम्हाला घर दाखवणाऱ्या दलालालाही सापडलं नव्हतं.

"वायरमनकडेही तिथंच असेल," ही म्हणाली.

मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वायरमनच्या घरात कपाटच नाही.

अधिकाऱ्यापुढं तिला माझी आत्या म्हणायचं ठरलं. आत्या हे नातं सोयीचं. जवळचं असतं, पण तिची फारशी चौकशी कुणी करत नाही. म्हातारी 'हो' म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही. ती बोलतच नव्हती. मग सल्ले सुरू झाले. सल्ल्यांवर कर नाही हे या देशाचं मोठं नुकसान आहे. शिंपी म्हणाला, तिच्या उशाशी औषधाच्या बाटल्या ठेवा. मास्तर म्हणाले, बाटल्या अर्ध्या रिकाम्या हव्यात. आणि वायरमननं मला बाजूला घेऊन महत्त्वाचं सांगितलं.

"तिच्याशी गोड बोलू नका. मागच्या गल्लीत एक घर कसं पकडलं गेलं माहितीय? सून म्हणाली, 'आजी, अजून थोडं दूध घ्या ना.' अधिकाऱ्यानं तिथल्या तिथं ओळखलं, हे घरातलं माणूस नव्हे! माफी तर गेलीच, आणि ज्यांनी म्हातारी दिली होती त्यांचीही गेली. तेव्हा जरा तुसडेपणानं वागा."

आली का पंचाईत! मी आयुष्यात कुणाशी तुसडेपणानं वागलेलो नाही. कारखान्यात ते काम माझ्याशी बाकीचे करतात. तरी आरशापुढं उभा राहून सराव केला, "गप बस गं आत्या, तुला काय कळतं!" ते इतकं लाचार वाटलं की आरशातल्या माणसाचीच मला कीव आली. हिनं मात्र पहिल्याच फटक्याला असा सूर लावला की माझ्या अंगावर काटा आला. "हे कुठं शिकलीस?" मी विचारलं. "शिकायचं काय त्यात? संसार करतेय ना इतकी वर्षं," ती म्हणाली.

सगळी जय्यत तयारी झाली आणि अधिकारी आलाच नाही. आज येईल, उद्या येईल. आत्या राहिली. बाटल्यांतलं औषध आणखी कमी झालं. कोण पीत होतं देव जाणे.

घरात माझी अशी एक खुर्ची होती, खिडकीजवळ. तिला एकच हात होता, दुसरा बहुधा आधीच्या भाडेकरूनं नेला असावा. पण कामावरून आल्यावर तीत बसलं की मी घरधनी आहे असं मला वाटायचं. एक दिवस येऊन बघतो तर आत्या तीत बसलेली. म्हटलं, असू दे, वयस्कर माणूस आहे. मी दाराजवळच्या, चपला काढायच्या स्टुलावर टेकलो. तात्पुरता.

आत्याच्या हातात माझा शर्ट होता. शर्टाचं बटण उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून ती बघत होती. मग ती दोनदा खाकरली आणि म्हणाली, "चार."

तो तिचा आमच्या घरातला पहिला शब्द. बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय आमच्या घरात एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस त्या वेळी स्टुलावर बसला होता.

"बाबा, बघा ना, आत्याआजी अगदी तुमच्यासारखी करते!" चिमी टाळ्या वाजवत म्हणाली. ही पण हसली. मीही हसलो, कारण एकटाच न हसता बसलो असतो तर ते बरं दिसलं नसतं. पण पाठीच्या कण्यातून काहीतरी थंड सरकत गेलं, ते कंबरेपाशी येऊन थांबलं आणि तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मला सरळ उभं राहता येईना.

वाकून बसथांब्यावर गेलो. बसमध्ये शाळेतली एक मुलगी झटकन उठून म्हणाली, "आजोबा, बसा." कोणते आजोबा ते बघायला मी मागं वळलो. मागं बसची काच होती. आता मी अजून पन्नाशीही गाठलेली नाही, हे त्या मुलीला ठणकावून सांगायचं मनात होतं. पण पाय इतके दुखत होते की आधी बसलो आणि मग सांगू म्हटलं, तोवर ती उतरून गेली.

घरात आता हळूहळू आत्याचंच चालायला लागलं. "आत्या, दूधवाल्याचे आधी देऊ का विजेचं बिल आधी भरू?" असं ही विचारायची, आणि आत्या दोनदा खाकरून सांगायची. चिमी गणितं घेऊन तिच्याकडे जायची. उत्तरं बरोबर असायची, हे मला जास्त झोंबायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी एकदा मोठ्यानं म्हणालो. "हळू बोला, आत्या झोपल्यात," ही म्हणाली. आत्या झोपलेली नव्हती. एक डोळा मिटून माझ्याकडे बघत होती.

मी ठरवलं, बस्स. कर बसला तर बसला, दुसरी वाट काढू, म्हातारी परत करायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी वायरमनच्या दारात गेलो.

"परत? आम्हाला कशाला?" तो म्हणाला. "आमची कुठंय? आम्ही वरच्या मास्तरांकडून उसनी आणली होती."

कंबर धरून मजला चढलो. मास्तर शिकवणी घेत होते. "ती होय? आम्हाला तळमजल्यावरच्या शिंप्यानं दिली. फार शांत बाई. तुमच्याकडे रुळली ना?"

सगळे जिने उतरून खाली आलो. शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाला, "वा! मला तर वायरमननंच आणून दिली. त्याची कुणीतरी लागते ना?"

मी तिथंच त्याच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसलो. वायरमनला मास्तरांनी दिली, मास्तरांना शिंप्यानं, शिंप्याला वायरमननं. इमारतीत तिला बाहेरून कुणी आणलीच नव्हती. आणि पाहणीत तिन्ही घरं पास झाली होती.

"मग ती आली कुठून?" मी विचारलं.

शिंप्यानं जरा विचार केला. "आता तुम्ही विचारताय म्हणून डोक्यात आलं," तो म्हणाला आणि घाईघाईनं मशीन चालवायला लागला. मशीनमध्ये कापड नव्हतं.

वर येऊन मी आत्यासमोर उभा राहिलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. धीर गोळा करून विचारलं, "तुमचं घर कुठं आहे? सांगा, मी पोचवतो."

ती दोनदा खाकरली. "नळाचं वायसर गेलंय," ती म्हणाली. "मी कधीचा सांगतोय, तुम्ही मनावरच घेत नाही."

हे वाक्य माझं होतं. घरमालकाला दर महिन्याला मी हेच म्हणतो, याच सुरात. आणि ती 'सांगतोय' म्हणाली होती.

त्याच दुपारी अधिकारी आला. दार उघडंच होतं. बारीक अंगाचा, मऊ आवाजाचा माणूस. पायताण बाहेर काढून आत आला आणि घरातल्या प्रत्येक खुर्चीवर तळहात ठेवून पाहिला, कोणती किती उबदार आहे ते बघावं तसा. ही लगबगीनं चहाला लागली. चिमी भिंतीला टेकून उभी राहिली. मी स्टुलावर होतो. उठायला गेलो, पण कंबरेनं साथ दिली नाही.

"मी फार विचारत नाही," अधिकारी म्हणाला. "मला बघूनच कळतं. घर कोण चालवतं?"

मी तोंड उघडलं. एकदा खाकरलो. दुसऱ्यांदा खाकरायच्या आत खुर्चीतून आवाज आला.

"मी चालवते. बटणांच्या कारखान्यात तपासनीस आहे. चार भोकं आहेत ना ते बघायचं. लोक हसतात. हसू देत."

"जबाबदारीचं काम," अधिकारी म्हणाला. आजवर माझ्या कामाला असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते असं. "ही सून?"

"घरातलीच," आत्या म्हणाली.

"आणि तुमच्यावर अवलंबून असलेलं माणूस?"

एकेक करून सगळ्यांनी मान वळवली. आत्यानं, अधिकाऱ्यानं, आणि सगळ्यात शेवटी हिनं. सगळे स्टुलाकडे बघत होते.

"अहो, मी... हे घर माझं आहे, मी स्वतः तपासनीस..." मी कसाबसा सुरू झालो.

"गप बसा हो जरा! तुम्हाला काय कळतं? सारखं मधे मधे!" ही कडाडली.

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. "हे मात्र खरं घरातलं माणूस," तो म्हणाला. "लोक माणसं उसनी आणतात हो. खोटं सापडलं तर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोन्ही घरांची माफी जाते. तुमचं अगदी चोख आहे." माझ्या खांद्यावर हलकेच थोपटून, "काळजी घ्या, आजोबा," म्हणून तो चहा पिऊन निघून गेला.

दार लागल्याबरोबर ही मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. "सुटलो हो. चिमीला त्या खोलीत न्यायला नको आता." चिमी तिच्या गळ्यात पडली. मलाही रडू आलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता. पोरीचा श्वास वाचला होता, बाकी मानअपमान काय, येतात आणि जातात. पण डोळे पुसून मी म्हणालो, "अगं पण त्यानं मला..."

"झालं ना काम? मग आता कशाला फाटे फोडायचे? दोन दिवस जाऊ देत, मग बघू." आणि तिनं माझ्याकडे बघितलं, ते जरा थांबून बघितलं. ओळखीचं माणूस भलत्याच ठिकाणी दिसल्यावर आपण बघतो ना, तसं.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा माझा डबा जागेवर नव्हता. काठी नसल्यानं भिंती धरत धरत कारखान्यात पोचलो. दारावरच्या पहारेकऱ्यानं, गेली कित्येक वर्षं मला रोज नमस्कार करणाऱ्यानं, दंडाला धरून मला सावलीत बसवलं. "कुणाला भेटायचंय, आजोबा? आत सोडता येत नाही." जाळीतून माझं टेबल दिसत होतं. आत्या तिथं बसली होती. उजेडाकडे बटण धरायची, डोळा मिटायची, बाजूला ठेवायची. हात असा चालत होता की माझाही कधी चालला नसेल. मुकादम तिच्या पाठीमागून गेला आणि त्यानं तिला शिवी दिली नाही. एवढ्या वर्षांत मला न मिळालेली ही बढतीच म्हणायची.

आठवडाभरानं वायरमनची बायको आली. हात कपाळाला लावलेला. "वहिनी, मेले पुन्हा येणार आहेत म्हणे. दर तीन महिन्यांनी पाहणी! आमचं उसनं परत करा बाई."

हिनं खुर्चीकडे पाहिलं. आत्या चिमीचा अभ्यास घेत होती. ही हळूच म्हणाली, "आत्यांना कसं सोडू आता? घर त्यांच्यावर चाललंय."

"तेच कशाला हवं?" वायरमनची बायको म्हणाली. "उसनी साखर काय तीच परत करतो का आपण? मापाला माप द्यायचं. आमचं एक माणूस तुमच्याकडे, तुमचं एक आमच्याकडे."

आणि पुन्हा एकदा सगळे स्टुलाकडे बघायला लागले.

मी चिडलो, अगदी मनापासून चिडलो. "मी काय शिडी आहे?" मी ओरडलो. निदान ओरडायला गेलो, पण घशातून निघालं ते इतकं बारीक होतं की वायरमनची बायको "आत्ता गं बाई, बोलतात की!" म्हणून कौतुकानं हसली. ही माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला. तिचे डोळे भरले होते. "आठवडाभराचाच प्रश्न आहे. त्यांची माफी गेली तर आपलीही चौकशी होईल. चिमीसाठी जा ना. अहो..." एवढं म्हणून ती अडली. पुढं काय म्हणायचं, मला कुठल्या नावानं हाक मारायची, ते तिला सापडत नव्हतं. तिनं खूप प्रयत्न केला, ते मला दिसत होतं. मग तिनं माझे दोन शर्ट एका फडक्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवले.

समोरचं दार म्हणजे चार पावलं. वायरमनच्या बायकोनं बोट पुढं केलं, मी धरलं.

अधिकारी आला तेव्हा मी वायरमनच्या बाहेरच्या खोलीत भिंतीशी बसलो होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मला ओळखलं नाही. माझा चेहराच बहुधा त्याच्या लक्षात राहिला नसावा. वायरमन मला तुसडेपणानं बोलला, त्याची बायकोही बोलली, दोघंही सुंदर बोलली. अधिकारी मान डोलावत चहा पीत होता. समोरचं आमचं दार उघडं होतं, आणि जिन्यात पावलं वाजली. चिमी शाळेतून आली होती.

"बाबा!" तिनं हाक मारली. "बाबा, कुठं आहात? माझा पहिला नंबर आला!"

वायरमनचा रंग उडाला. त्याच्या बायकोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटं रुतवली. अधिकाऱ्यानं कप खाली ठेवला.

"बाबा! ओ द्या ना!"

"कुणाला बोलावतेय ती?" अधिकाऱ्यानं मऊ आवाजात विचारलं. तो माझ्याकडेच बघत होता.

ओ माझ्या ओठांवर आलेली होती. नुसती 'ओ'. तेवढ्यानं पोरगी धावत आली असती, माझ्या गळ्यात पडली असती, आणि महिनाअखेर आम्ही तिघं पुन्हा त्या खोलीत गेलो असतो. तीन जिने धावत चढूनही ती धापत नव्हती. मी तिचा श्वास ऐकत होतो. स्वच्छ, मोकळा, एकसारखा.

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

"बाबा!" या वेळी आवाज रडवेला होता.

समोरच्या घरात कुणीतरी दोनदा खाकरलं.

"ओ, बाळा," आत्याचा आवाज आला. "आलो, आलो."

"इथंच होतात होय?" चिमी हसली. "मी केव्हाची हाका मारतेय, बाबा!"

मग आमचं दार आतून लागलं. अधिकाऱ्यानं उरलेला चहा संपवला आणि वायरमनला म्हणाला, तुमचं अगदी चोख आहे.